भिंतीवरच्या मोठ्या बाई

केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या जेवणघरात पाऊल टाकलं आणि मी नकळत पदर सावरला. समोर लांबच लांब लाकडी मेजं, त्यांच्या दोन्ही अंगांना बाकं, आणि भिंतींवरून मोठमोठी माणसं खाली बघत होती. टोकाच्या भिंतीवर आठवा हेन्री राजा, पाय फाकवून, छाती काढून उभा. बाकीच्या भिंतींवर इथे शिकलेली, शिकवलेली, कॉलेज चालवलेली माणसं. सोनेरी जाड चौकटी, मागे काळपट रंग, आणि त्यातून उजळून पुढे आलेले चेहरे नि हात. इथली मुलं रोज या डोळ्यांदेखत जेवतात.

मी औशाची. भुईकोट किल्ल्याच्या खंदकाकाठी वाढले, त्यामुळे जाड भिंती आणि दगडी दरवाजे यांचं मला नवल नाही. सहलीची पोरं घेऊन खरोशाच्या लेण्यांत कितीदा तरी गेले. दगडात कोरलेले देव पोरांना दाखवले. देवाला चेहरा मिळतो, राजाला मिळतो, पुढाऱ्याला तर चौकाचौकांत मिळतो. शिकवणाऱ्या माणसाला भिंतीवर एवढी जागा मिळते, हे मात्र मी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. मुलगा इकडे नोकरीला आहे म्हणून येणं झालं. चौतीस वर्षं मी औसा तालुक्यातल्या शाळांत शिकवलं. आमच्या ऑफिसात हेडमास्तरांच्या खुर्चीमागे एक लाकडी फळा असायचा. काळ्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत अनुक्रमांक, नाव, कधीपासून, कधीपर्यंत. एका माणसाला एक ओळ. फळा भरला की पेंटर बोलवायचा आणि शेजारी दुसरा टांगायचा.

मुलगा म्हणाला, "आई, इथे कॉलेजच्या प्रमुखाला मास्टर म्हणतात." मला एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. आमच्या खेड्यापाड्यांतला मास्तर तो हाच. शब्द साहेबाबरोबर आला, शाळेच्या ओट्यावर बसला आणि आमचाच झाला. इथल्या मास्टरांतले विल्यम ह्यूएल तर लँकेस्टरच्या एका सुताराचे चिरंजीव. सुताराचं पोर शिकत शिकत १८४१ साली या कॉलेजचं मास्टर झालं आणि पंचवीस वर्षं त्या जागेवर राहिलं. इंग्रजीत 'सायंटिस्ट' हा शब्द घडवला तोही त्यांनीच. आमच्या वर्गात सुताराची, लोहाराची, ऊसतोड कामगारांची पोरं बसत. त्यांना ही गोष्ट माझ्याकडून सांगायची राहिली, याची तिथे उभी असताना हळहळ वाटली.

ह्यूएल यांच्यामागून आलेले मास्टर डब्ल्यू. एच. थॉम्पसन. त्यांचं चित्र १८८१ साली ह्यूबर्ट हर्कोमर या नामांकित चित्रकाराने काढलं. असं सांगतात की चित्र पुरं झाल्यावर थॉम्पसनसाहेब ते न्याहाळत राहिले आणि म्हणाले, मी साऱ्या माणसांकडे इतक्या तुच्छतेनं बघतो की काय? हा किस्सा माझ्या मनात घर करून बसला. मान मास्टरांचा, तरी चित्रकाराने जे दिसलं तेच रंगवलं, आणि कॉलेजने ते तसंच जपलं.

आणखी एका गोष्टीचं मला फार अप्रूप वाटलं. आमच्याकडे भिंतीवर तसबीर चढली आणि तिला चंदनाचा हार पडला, की समजायचं, माणूस गेलं. जिवंत माणसाचा फोटो भिंतीवर लावायला घरातली म्हातारी माणसं कचरतात. इथे माणूस कामात असताना, कुठे निवृत्तीच्या उंबऱ्यावर असताना, त्याला चित्रकारासमोर बसवत. एकोणिसाव्या शतकात ही रीत चांगली रुळली होती. माजी विद्यार्थी, सहकारी आणि स्नेही मिळून समिती नेमायचे, वर्गणी गोळा करायचे, चित्रकार ठरवायचे. मग ते मास्तर किंवा त्या बाई चित्रकाराच्या कार्यशाळेत जाऊन एकेका बैठकीला तासन् तास बसायच्या. चित्र तयार झालं की पुष्कळदा लंडनला रॉयल अकॅडमीच्या उन्हाळी प्रदर्शनात जायचं, तिथे सारं शहर ते बघायचं, आणि मग कॉलेजच्या भिंतीवर कायमचं यायचं. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजचे डीन लिडेल यांचं चित्र जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स यांनी काढलं. ज्यांच्या लहानग्या मुलीला 'अ‍ॅलिस'ची गोष्ट सांगितली गेली, ते हे लिडेल.

मी मुलाला विचारलं, तेव्हा कॅमेरा नव्हता का? होता. १८३९ पासून होता, आणि शतकाच्या अखेरीला तर गल्लोगल्ली स्टुडिओ झाले होते. तरी कॉलेजांनी तैलचित्रांचाच हट्ट धरला. मला त्याचं कारण असं वाटतं की फोटो एका क्षणाचा असतो. चित्रात मात्र पंधरा-वीस बैठकांतले थकवे, हसू, विचार, सगळे एकावर एक बसतात. माणसाने जेवढी वर्षं त्या खुर्चीला दिली, तेवढी वर्षं चेहऱ्यावर आणायला वेळ द्यावा लागतो.

आणि तैलचित्र म्हणजे कुठलं तेल? बहुतेक जवसाचं! हे कळल्यावर मी त्या चौकटीच्या आणखी जवळ गेले. आमच्याकडे रब्बीत जवसाचं शेत निळ्या फुलांनी भरतं. भाकरीबरोबर जवसाची चटणी खाऊन आम्ही वाढलो. त्याच बियांच्या तेलात रंगाची पूड घोटायची. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेत घेत ते घट्ट होतं आणि रंगाला आपल्या पोटात धरून ठेवतं. म्हणून दीडशे वर्षांनीही गालावरची लाली तशीच राहते. आमच्या फळ्यावरचा रंग दोन उन्हाळ्यांत पोपडे धरायचा.

एवढं सगळं पाहून झालं आणि मग ध्यानात आलं की या दालनात शिकवणाऱ्या बाईचा जुना चेहरा मला दिसलाच नव्हता. अंगावर काळे झगे, कुणाचा डॉक्टरपदाचा लाल झगा, दाढ्या, पुस्तकं. "बाया कुठं आहेत रे?" मी विचारलं. मुलगा म्हणाला, "चल, न्यूनमला जाऊ."

नदी ओलांडून गेलं की न्यूनम कॉलेज लागतं. लाल विटांच्या इमारती, पांढऱ्या खिडक्या, मोठी बाग. दगडी कॉलेजांचा दरारा इथे नाही. एखाद्या मोठ्या वाड्यात माहेरपणाला आल्यासारखं वाटतं. तिथलं ब्रॉन्झचं फाटक बघायला मुलाने मला मुद्दाम नेलं. कॉलेजच्या पहिल्या प्रमुख अ‍ॅन जेमायमा क्लफ यांच्या स्मरणार्थ ते उभारलेलं. १९२१ साली विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व नाकारलं, त्या रात्री विद्यार्थ्यांचा एक जमाव इथे चालून आला आणि हातगाडीने धडका देऊन त्यांनी या फाटकाचा खालचा भाग मोडला. ज्या बाईंनी मुलींना शिकवलं, त्यांच्या नावाच्या दारावर शिकलेल्या मुलांनी घाव घातले. मी त्या जाळीवर हात ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहिले.

आत जेवणाच्या दालनात मात्र बायाच बाया होत्या. न्यूनमच्या आजवरच्या मोठ्या बाई! आमच्याकडे हेडमास्तरीण असा शब्द कुणी वापरत नाही. पोरं 'मोठ्या बाई' म्हणतात. तोच शब्द माझ्या तोंडून निघाला.

क्लफबाईंचं चित्र जेम्स जेब्युसा शॅनन या चित्रकाराने १८९० मध्ये काढलं. बाईंचं वय सत्तर, चित्रकाराचं अठ्ठावीस. अमेरिकेत जन्मलेला हा पोरगा सोळाव्या वर्षी लंडनला शिकायला आला होता. त्याच्या आधी १८८२ मध्ये विल्यम ब्लेक रिचमंड यांनीही बाईंचं एक चित्र काढलं होतं. म्हणजे एका शिक्षिकेला दहा वर्षांच्या आत दोनदा रंगवलं गेलं. लिव्हरपूलच्या या बाईंनी तरुणपणी छोट्या शाळा चालवल्या. १८७१ साली केंब्रिजमध्ये रीजंट स्ट्रीटवरच्या भाड्याच्या घरात त्यांनी पाच मुली सांभाळल्या. व्याख्यानं ऐकायला आलेल्या त्या मुलींना राहायला जागा नव्हती, म्हणून हे घर. त्या घराचं चार वर्षांत न्यूनम हॉल झालं आणि पुढे कॉलेज. पाच पोरींचा पट! आमच्या वस्तीशाळाही अशाच पाच-सात पोरांवर सुरू झाल्या होत्या. पटावर पाच नावं असताना बाईला काय काय ऐकावं लागतं, ते मला ठाऊक आहे.

शॅनननेच १८८९ मध्ये एलिनर सिजविक यांचं चित्र काढलं. गणिताच्या आणि पदार्थविज्ञानाच्या जाणकार असलेल्या या बाई १८९२ मध्ये क्लफबाईंच्या जागी आल्या आणि १९१० पर्यंत त्यांनी कॉलेज चालवलं. तिकडे गर्टन कॉलेज स्थापन करणाऱ्या एमिली डेव्हिस यांचं चित्र रुडॉल्फ लेमान यांनी १८८० मध्येच काढलेलं आहे. गर्टनची सुरुवातही १८६९ साली पाच मुलींनीच झाली होती.

या बायांच्या चित्रांपाशी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. पुरुष मास्टरांच्या अंगावरचा झगा हा विद्यापीठाने दिलेला मान. या बायांना केंब्रिजने पदवी दिली नव्हती, त्यामुळे झगाही नव्हता. म्हणून चित्रकारापुढे त्या आपल्या रोजच्या कपड्यांत बसल्या. आधाराला काहीच नव्हतं. जे काही सांगायचं ते चेहऱ्याने आणि हातांनी. विद्यापीठाच्या दप्तरात त्यांना जागा नव्हती तेव्हा त्यांच्या माणसांनी त्यांना भिंतीवर बसवून टाकलं. जेवायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मान वर केली की कळायचं, आपल्यासारखी बाई इथे प्रमुख असते.

१८९० हे साल आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवायला हवं. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्याला रँग्लर म्हणत आणि सगळ्यांत पहिल्याला सीनियर रँग्लर. मराठी माणसाला रँग्लर म्हटलं की कोकणातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपेच आठवतात. १८९० मध्ये न्यूनमची फिलिपा फॉसेट या परीक्षेला बसली आणि पहिल्या आलेल्या मुलापेक्षा वरचढ ठरली. निकाल वाचताना तिचं स्थान 'सीनियर रँग्लरच्या वर' असं जाहीर झालं. पदवी मात्र तिला नाहीच. तिचे अंध वडील हेन्री फॉसेट पार्लमेंटात हिंदुस्थानच्या पैशाअडक्याचे प्रश्न इतक्या चिकाटीने मांडत की त्यांना 'हिंदुस्थानचे सभासद' हे नाव पडलं होतं. आपल्या बाजूने बोलणाऱ्या माणसाची लेक ती.

सात वर्षांनी, मे १८९७ मध्ये, स्त्रियांना पदवी द्यावी की नाही यावर मतदान झालं. विरोधकांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा करून सिनेट हाउससमोर रस्त्यावर लटकवला. सुमारे १,७०० मतं विरोधात, सुमारे ६६० बाजूने. त्या वेळी परांजपे सेंट जॉन्स कॉलेजात शिकत होते. १८९९ मध्ये ते सीनियर रँग्लर झाले, परत येऊन १९०२ पासून वीसहून जास्त वर्षं त्यांनी फर्ग्युसन कॉलेज चालवलं. इरावतीबाई कर्वे लहानपणी त्यांच्याच घरी वाढल्या. आणि त्यांची लेक शकुंतला याच न्यूनममध्ये गणित शिकायला आली आणि १९२९ मध्ये उत्तीर्ण झाली. १९२१ नंतर केंब्रिजने स्त्रियांना नुसती नावाची पदवी द्यायला सुरुवात केली होती; विद्यापीठाच्या कारभारात त्यांना मत नव्हतं. बापाला जिथे सगळ्यांत वरचा मान मिळाला, तिथे लेकीच्या वाट्याला अर्धाच हक्क आला. पुढे शकुंतलाबाईंनी पुण्यात संततिनियमनाचं काम हट्टाने केलं, १९६४ ते १९७० त्या राज्यसभेत होत्या. याच दालनात, याच चेहऱ्यांखाली बसून ती मराठी मुलगी जेवली असेल, या विचाराने मला भरून आलं.

आणखी एक मराठी धागा इथून थोडा दूर, चेल्टनहॅमला सापडतो. तिथल्या लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डॉरोथिया बील यांनाही शॅननने रंगवलं आहे. १८५८ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९०६ पर्यंत, त्या एकाच जागेवर होत्या. आपल्या पंडिता रमाबाई १८८४ ते १८८६ याच बीलबाईंजवळ राहून शिकल्या आणि तिथल्या मुलींना संस्कृत शिकवत होत्या. परतल्यावर १८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईला शारदा सदन काढलं. मोठ्या बाईंना जवळून पाहिलेली बाई स्वतः मोठी बाई झाली.

शेवटी केंब्रिजने स्त्रियांना पुरती पदवी दिली ती १९४८ साली. ते साल ऐकून मी मुलाकडे बघितलं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं आणि आमचा मराठवाडा मोकळा झाला. क्लफबाईंचं पहिलं चित्र भिंतीवर आलं त्याला तेव्हा सहासष्ट वर्षं झाली होती.

परतीच्या वाटेवर मी फारशी बोलले नाही. मला माझ्या पहिल्या शाळेतल्या मोठ्या बाई आठवत होत्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून लोक गाढ झोपलेले असताना, भूकंप झाला. किल्लारी आमच्याच तालुक्यात. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर जड माळवद. ती घरं झोपलेल्या माणसांवर बसली. बाई त्या पट्ट्यातल्या एका गावात राहायच्या. त्या गेल्या. शोकसभेला फोटो हवा होता. घरच मातीखाली, फोटो कुठून मिळणार? शाळेच्या कपाटात गॅदरिंगचा एक ग्रुप फोटो सापडला. मागच्या रांगेत, दोन मास्तरांच्या खांद्यांमधून, बाईंचा तुरीच्या दाण्याएवढा चेहरा. स्टुडिओवाल्याने तो मोठा केला तर नाक-डोळे विरघळून गेले. त्या धुरकट ठिपक्याला आम्ही हार घातला. एकवीस वर्षं ज्यांनी पोरींना घरोघर जाऊन शाळेत आणलं, त्यांचा चेहरा आम्हाला एकवीस वर्षांत एकदाही नीट टिपून ठेवावासा वाटला नव्हता. वर्गणी आम्ही पंगतीला काढली, कमानीला काढली, पाहुण्यांच्या फेट्यांना काढली.

असं नाही की आपल्याला हे कळतच नाही. महाराष्ट्रातल्या शाळेशाळेत ३ जानेवारीला सावित्रीबाईंची तसबीर मांडतात. १८४८ साली पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींना शिकवायला उभी राहिलेली बाई आज आपल्या भिंतींवर आहे, आणि तिच्याकडे बघून आमच्या किती पोरी ताठ उभ्या राहिल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका चेहऱ्याचं एवढं बळ असेल, तर गावोगावच्या चेहऱ्यांचं किती असेल?

म्हणून वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या गावच्या शाळेतल्या पहिल्या बाई कोण होत्या, ते विचारा. आमच्या भागात त्यांच्यापैकी बऱ्याच जणी आज सत्तरी-ऐंशीत आहेत, लेकाकडे लातूरला नाही तर पुण्याला राहतात. तैलचित्राचे पैसे जमले तर उत्तमच; नाही जमले तर गावातल्या फोटोग्राफरला घेऊन जा. त्यांना त्यांच्या रोजच्या लुगड्यात खिडकीपाशी बसवा, घाई करू नका, हात दिसू द्या. खाली नाव, गाव आणि सालं लिहा, आणि फोटो पोरांच्या नजरेला पडेल अशा जागी लावा. लावण्याच्या दिवशी बाईंना शाळेत बोलवा. हार आणाल तर तो त्यांच्या गळ्यात घाला.